ग्रंथालयातून पुस्तकं काढा असं निवेदन आलंय. नियमाने काय करायचं?

दाखलक्रमांक

तालुक्याच्या गावातलं 'ब' वर्गाचं अनुदानित सार्वजनिक ग्रंथालय आहे. एका पक्षाच्या तालुका शाखेने लेटरहेडवर निवेदन दिलंय. त्यात सात पुस्तकांची नावं आहेत आणि 'समाजाच्या भावना दुखावणारी ही पुस्तके आठ दिवसांत काढावीत, अन्यथा होणाऱ्या परिणामांस ग्रंथालय जबाबदार राहील' असा मजकूर. प्रत तहसीलदार आणि पोलिस ठाण्याला.

सातपैकी दोन पुस्तकं ग्रंथालयात नाहीतच. उरलेली पाच अशी: इतिहासावरची दोन मराठी, एक कादंबरी (पुढे कंसात 'अश्लील'), ज्याचा राज्य पुरस्कार २०२२ मध्ये शासनाने मागे घेतला तो अनुवाद, आणि काश्मीरवरचं एक इंग्रजी पुस्तक. हे शेवटचं देणगीतून आलेलं.

अध्यक्षांचा निरोप आहे, 'तूर्तास कपाटात ठेवा, नंतर बघू'. पोलिस ठाण्यातून तोंडी सांगणं की 'वाद नको, बाजूला काढा'. एका सदस्याने सुचवलं की चालू निर्लेखनाच्या (जीर्ण, गहाळ पुस्तकं दप्तरातून कमी करण्याच्या) यादीत घालून टाकू. आणि काल दोघं येऊन ही पुस्तकं आजवर कोणी कोणी नेली त्यांची नावं मागून गेले.

नियमाने यातलं काय करता येतं, काय येत नाही, हे क्रमाने कोणी सांगेल का? भावनिक प्रतिसाद नकोत, कागदावर काय करायचं तेवढं हवंय.

---

काळा_कोट

ताई, आधी एक फरक. तुमच्याकडे आलंय ते निवेदन. पुस्तक काढायला बांधील करतो तो आदेश. दोन्हींवर शिक्का असतो, म्हणून गोंधळ होतो.

पुस्तक 'सरकारजमा' करण्याचा अधिकार राज्य सरकारला आहे. तो भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९८ मध्ये आहे. १ जुलै २०२४ पूर्वी तोच फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ९५ होता. त्यासाठी तीन गोष्टी लागतात. राज्य सरकारची अधिसूचना हवी. पुस्तकातला मजकूर भारतीय न्याय संहितेच्या ठरावीक कलमांखाली (१५२, १९६, १९७, २९४, २९५, २९९) शिक्षेस पात्र आहे असं सरकारचं मत हवं. आणि त्या मताची कारणं अधिसूचनेतच लिहिलेली हवीत. हे तिसरं नुसतं तांत्रिक वाटतं, पण बंदीचे आदेश तिथे पडले आहेत. सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये हरनाम दास खटल्यात कारणं दिली नाहीत एवढ्यावर आदेश रद्द केला.

आपल्याकडचं उदाहरण जेम्स लेन यांच्या शिवाजी महाराजांवरच्या इंग्रजी पुस्तकाचं. शासनाची अधिसूचना मुंबई उच्च न्यायालयाने २००७ मध्ये रद्द केली आणि सर्वोच्च न्यायालयाने ९ जुलै २०१० ला तो निकाल कायम ठेवला. मुख्य दोष काय, तर तेढ निर्माण होईल असं अधिसूचनेत लिहिलं, पण कोणाकोणात तेढ, ते लिहिलं नाही. (हा निकाल पुस्तक चांगलं की वाईट यावर नाही. लोक तो तसा वाचतात.) याचिका करणारे लेखकही नव्हते आणि प्रकाशकही. सध्याच्या कलम ९९ मध्ये 'हितसंबंध असलेली कोणतीही व्यक्ती' राजपत्रात प्रसिद्धी झाल्यापासून दोन महिन्यांत उच्च न्यायालयात जाऊ शकते आणि तीन न्यायमूर्तींचं विशेष पीठ ते ऐकतं.

म्हणून प्रत्येक नावापुढे एकच प्रश्न लिहा: राजपत्रातली अधिसूचना आहे का? क्रमांक? दिनांक? निवेदन देणाऱ्यांनाही हेच लेखी विचारा. 'बंदी आहे, सगळ्यांना माहीत आहे' हे उत्तर चालत नाही. १९८८ मधल्या सलमान रश्दी यांच्या कादंबरीवरच्या आयातबंदीचं काय झालं ते बघा. २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात ती अधिसूचना कोणत्याही खात्याला सादर करता आली नाही, तेव्हा न्यायालयाने ती अस्तित्वात नाही असं गृहीत धरून प्रकरण निकाली काढलं. छत्तीस वर्षं सगळ्यांना 'माहीत' होतं!

आता तुमच्या पाचांपैकी चार.

अनुवाद: कोबाड गांधी यांच्या पुस्तकाचा असेल तर १२ डिसेंबर २०२२ च्या शासन निर्णयाने पुरस्कार रद्द झाला आणि निवड समिती बरखास्त झाली. पुरस्कार मागे घेणं म्हणजे पुस्तक सरकारजमा करणं नाही. कोणी तो शासन निर्णय तुमच्यासमोर धरला तर तो पूर्ण वाचायला लावा. ग्रंथालयांना उद्देशून त्यात काही नाही.

कादंबरी: अश्लीलतेचं कलम आता न्याय संहितेत २९४. यात एक गोष्ट ग्रंथपालांना सहसा कोणी सांगत नाही. हे कलम फक्त लिहिणाऱ्या-छापणाऱ्यापुरतं नाही, विकणं, भाड्याने देणं, प्रसारात आणणं हेही त्यात आहे. त्यामुळे 'आम्ही फक्त देवघेव करतो' हा बचाव म्हणून पुरत नाही. खरा बचाव त्याच कलमातल्या अपवादात आहे: साहित्य, कला, विज्ञान, विद्या यांच्या हितासाठीचं प्रकाशन. आणि मराठी कादंबरीचा नमुना हातात आहेच. चंद्रकांत काकोडकरांची 'श्यामा' १९६२ च्या एका दिवाळी अंकात आली, खटला झाला, शिक्षा झाली आणि १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती अश्लील नाही म्हणून त्यांना सोडलं. सुटी वाक्यं काढून नव्हे, अख्खी कृती वाचून.

इतिहासाची दोन: कलम १९६ किंवा २९९ खाली तक्रार होऊ शकते, पण शासनाच्या पूर्वमंजुरीशिवाय न्यायालय तिची दखल घेऊ शकत नाही (नागरिक सुरक्षा संहिता, कलम २१७). गुन्हा नोंदवला जाण्याची भीती आणि खटला चालणं यात बरंच अंतर आहे.

काश्मीरचं पुस्तक वेगळं ठेवा. आधी नेमकं शीर्षक सांगा.

---

जुना_तपासनीस

कायदा वर आला आहे. मी दप्तराचं सांगतो, कारण अशा प्रकरणात शेवटी ग्रंथपाल अडकतो तो दप्तरात.

निर्लेखनाची कल्पना आजच्या आज डोक्यातून काढा. निर्लेखन करायला कारण लागतं: जीर्ण, फाटलेलं, पानं गेलेली, वाळवी, कालबाह्य, पडताळणीत गहाळ. 'निवेदन आलं' हे कारण त्या रकान्यात बसत नाही, म्हणून मग लोक 'जीर्ण' लिहितात. २०२१ ची आवृत्ती, किंमत साडेतीनशे, दोन वर्षांत नऊ वेळा देवघेव, आणि शेरा 'जीर्ण'. हे तपासणीला आलेल्या माणसाला पहिल्याच नजरेत दिसतं. मग प्रश्न निवेदन देणाऱ्यांना विचारला जात नाही. खोटी नोंद केली म्हणून तुम्हाला विचारला जातो, आणि किमतीची वसुलीही तुमच्याकडून निघते. यादीवर सही तुमची, मंडळाने नुसता ठराव घेतलेला असतो.

दाखल नोंदवहीला (प्रत्येक पुस्तक क्रमांक देऊन नोंदवतात ती वही) हात लावू नका. ओळ खोडायची नाही, पांढरं लावायचं नाही, शेऱ्यात 'विवादित' वगैरे काही लिहायचं नाही. ती मालमत्तेची नोंद आहे, मताची नाही.

उद्या सकाळी पुढची कामं करा, तासाभराची आहेत.

पाचही पुस्तकं फडताळातून काढून टेबलावर घ्या. प्रत्येकाचे चार फोटो काढा: शीर्षकपान, शीर्षकपानामागचं प्रकाशन-तपशिलाचं पान, दाखल क्रमांकाचा शिक्का आणि शेवटची तारीखपट्टी. दाखल नोंदवहीतल्या त्या त्या ओळीचाही फोटो, बिल क्रमांकाचा रकाना दिसेल असा. देणगीचं पुस्तक असेल तर देणगी नोंदवहीतली ओळ. मग पुस्तकं परत जागेवर.

पानं मोजा. हे हसण्यावारी नेऊ नका. निवेदन गाजलं की अशी पुस्तकं दोन पद्धतीने जातात. एक तर सभासद नेतो आणि 'हरवलं' म्हणून किंमत भरतो. दुसरं म्हणजे परत येतं, पण मधली आठ-दहा पानं ब्लेडने कापून. कापणारा शिवणीच्या अगदी लगत कापतो, त्यामुळे पुस्तक मिटलेलं असताना काही कळत नाही. दोन्ही अंगठ्यांनी पाठ उघडून पाहिलं की कापलेल्या कागदाची बारीक कड दिसते. ही पाच पुस्तकं प्रत्येक वेळी परत आली की ती कड बघायची आणि मगच कार्ड द्यायचं. 'हरवलं' असेल तर रोख किंमत घेऊ नका, तीच आवृत्ती आणून द्या म्हणा. मिळत नसेल तर तुमच्या नियमावलीतला दंड लावा आणि नवी प्रत पुढच्याच खरेदीत घ्या.

गहाळ पुस्तकांबद्दल आणखी एक. केंद्राच्या सामान्य वित्तीय नियमांत वर्षभरात वाचायला दिलेल्या दर हजार ग्रंथांमागे पाच इतकी तूट रास्त मानली आहे, आणि हजार रुपयांवरचं किंवा दुर्मीळ पुस्तक गेलं तर चौकशी करायलाच सांगितलं आहे. तो नियम केंद्राच्या कार्यालयांचा, पण मंडळासमोर माप म्हणून ठेवायला उपयोगी पडतो. वीस हजार पुस्तकांतून नेमकी यादीतलीच तीन 'गहाळ' झाली तर ती तूट म्हणून खपत नाही.

संगणकीकरण असेल तर तिथेही हाच नियम. कोहा या ग्रंथालयाच्या संगणकप्रणालीत पुस्तक 'मागे घेतलेलं' किंवा 'गहाळ' अशी खूण केली की काम झाल्यासारखं वाटतं, पण तालिकेच्या बदलांची नोंद चालू असेल तर कोणत्या लॉगिनने, किती वाजता बदल केला हे सगळं राहतं. पासवर्ड कोणाकोणाला माहीत आहे ते आजच पाहा. बहुतेक ठिकाणी एकच पासवर्ड पाच जण वापरतात.

आवक नोंदवहीत निवेदन घेतलंत ना? क्रमांक घाला, वेळ घाला, किती पानं ते घाला, पोच द्या. पोचेवर फक्त 'मिळाले' लिहा. आणि निवेदन घेताना फोटो काढायला उभं राहू नका. तो फोटो संध्याकाळी 'ग्रंथपालांनी पुस्तके हटवण्याचे आश्वासन दिले' या ओळीसकट गावभर फिरतो, आणि नंतर त्याचाच पुरावा होतो.

---

दाखलक्रमांक

फोटो ऑलरेडी फिरलाय. ओळही जवळपास तीच आहे.

काश्मीरचं पुस्तक ए. जी. नूरानी यांचं, १९४७ ते २०१२ चा काश्मीर वाद. अध्यक्षांना लेखी मागितलं तर ते म्हणाले 'एवढ्यासाठी काय कागद?'. पोलिसांनाही लेखी मागू का?

---

काळा_कोट

फोटोवर वाद घालू नका. तुमच्या जावक क्रमांकाने एक ओळीचं पत्र पाठवा: 'निवेदन प्राप्त झाले असून कोणतेही आश्वासन दिलेले नाही.' तेवढं पुरे.

पोलिसांचं. गुन्हा घडू नये म्हणून उपाय करायचा अधिकार त्यांना नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६८ मध्ये आहे (जुनं १४९). त्या कलमाची नोटीस ज्यांनी 'परिणामांस जबाबदार' असं लिहिलंय त्यांना जायला हवी. ग्रंथालयाने एक अर्ज द्यावा: निवेदनाची प्रत जोडून, धमकीचं वाक्य अधोरेखित करून, बंदोबस्त मागणारा. याने दोन गोष्टी होतात. तोंडी सूचनेची जागा लेखी मागणी घेते. आणि उद्या काही झालं तर ठाण्याला आधी कळवलं होतं हे सिद्ध होतं. अर्जात 'पुस्तके बाजूला काढण्याबाबत आपण तोंडी सूचित केले आहे, तशी सूचना असल्यास ती कलमासह लेखी मिळावी' हे वाक्य नम्रपणे घाला.

पोलिस पुस्तक उचलून न्यायला आले तर अडवायचं नाही, हुज्जतही घालायची नाही. कोणत्या कलमाखाली नेताय ते विचारायचं, पंचनामा आणि जप्तीची पावती घ्यायची, त्यात दाखल क्रमांक लिहून घ्यायचा. नव्या संहितेत कलम १०५ प्रमाणे झडती-जप्तीचं चित्रीकरण करावं लागतं. ते सुरू आहे का ते पाहा. पावती नसेल तर पुस्तक कागदोपत्री तुमच्याकडून हरवलेलं ठरतं.

'शांतता बैठक' बोलावली तर अध्यक्षांनी जावं, ग्रंथपालाने एकट्याने जाऊ नये, आणि तिथे कशावरही सही नको. तमिळ लेखक पेरुमल मुरुगन यांना जानेवारी २०१५ मध्ये तमिळनाडूत नामक्कलला अधिकाऱ्यांनी अशाच बैठकीला बोलावलं आणि कादंबरी मागे घेण्याच्या मजकुरावर सही घेतली. जुलै २०१६ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने ते बंधनकारक नाही असं ठरवलं. न्याय मिळाला खरा, पण मधली दीड वर्षं गेली.

आता नूरानी. इथे तुम्हाला आवडणार नाही असं उत्तर आहे. ५ ऑगस्ट २०२५ ला जम्मू-काश्मीरच्या गृह विभागाने कलम ९८ खाली २५ पुस्तकं सरकारजमा केली. हे त्यात आहे. आदेश तिथला असला तरी कलमाचे शब्द बघा: सरकारजमा झालेली प्रत पोलिस 'भारतात जिथे सापडेल तिथे' जप्त करू शकतात. म्हणजे बाकीच्या चार पुस्तकांना जे उत्तर लागू होतं ते या एकाला होत नाही. त्या आदेशाला जम्मू-काश्मीरच्या उच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलंय. त्यामुळे सध्या काय स्थिती आहे हे वकिलाकडून लेखी घ्या आणि ते येईपर्यंत ही एक प्रत देवघेवीतून थांबवा. थांबवताना कारण खरं लिहा: अधिसूचनेचा क्रमांक आणि दिनांक. 'गहाळ' नाही, 'जीर्ण' नाही. पाकीट सीलबंद, वर दाखल क्रमांक, दोन सह्या. आदेश रद्द झाला तर त्याच क्रमांकाने पुस्तक परत फडताळात जाईल.

निवेदनाला उत्तर देताना मात्र हे पुस्तक 'तुमच्या मागणीवरून' काढलं असा अर्थ निघू देऊ नका.

---

फडताळ_क्र_७

वरचं सगळं बरोबर, पण जमिनीवरची गोष्ट वेगळी असते. ग्रंथालय म्हणजे एक ग्रंथपाल, एक शिपाई, रस्त्याकडेला काचेची तावदानं. मानधन अनुदानाच्या हप्त्यावर. बाकीची चार पुस्तकं पंधरा दिवस कपाटात ठेवली तर आभाळ कोसळत नाही. मागणारा सभासद आला तर काढून द्यायची. माझ्या मते हा शहाणपणा आहे, शरणागती नाही.

कपाटापेक्षा जास्त महत्त्वाच्या गोष्टी सांगतो. विम्याची पॉलिसी काढा आणि दंगल, संप व हेतुपुरस्सर नुकसान यात धरलंय का पाहा. नसेल तर आजच एजंटला फोन. कॅमेऱ्याचं चित्रीकरण पंधरा ते तीस दिवसांत आपोआप पुसलं जातं, ते दोघं आले त्या दिवसाचं आत्ताच पेन ड्राइव्हवर घ्या. दाखल नोंदवह्या रात्री स्टीलच्या कपाटात, त्यांची स्कॅन प्रत दुसऱ्या इमारतीत. पुस्तक पुन्हा विकत मिळतं, नोंदवही मिळत नाही. ५ जानेवारी २००४ ला भांडारकर संस्थेत घुसलेल्यांनी हल्ला केला तेव्हा त्यांचा राग एका पुस्तकावर होता. नासधूस झाली ती हस्तलिखितांची, ग्रंथांची, सामानाची. जमाव यादी घेऊन फडताळ शोधत नाही.

---

जुना_तपासनीस

कपाटाबद्दल सहमत नाही. नोंदवह्या, विमा, कॅमेरा यावर शंभर टक्के.

कपाटात ठेवलेल्या पुस्तकाला तारीख नसते. पंधरा दिवस म्हणून ठेवतात, कोणी परत काढत नाही, कारण परत काढायचा ठराव कोणीच आणत नाही. तीन वर्षांनी ग्रंथपाल बदलतो, नव्याला किल्ली मिळते, कारण मिळत नाही. पुढच्या पडताळणीत ती पुस्तकं 'जागेवर नाहीत' म्हणून लागतात आणि मग खरोखर निर्लेखनात जातात. पुस्तक कोणीच काढलेलं नसतं, तरी ते गेलेलं असतं.

ठेवायचंच असेल तर कार्यकारी मंडळाच्या सभेत ठराव करा: कोणती पुस्तकं, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, कारण सुरक्षितता, मागणाऱ्या सभासदास देवघेव चालू राहील, अमुक तारखेला पूर्वस्थितीत आणली जातील. सूचक-अनुमोदकाची नावं. अध्यक्षांना फोनवरचं वाक्य ठरावात सूचक म्हणून घालायला सांगा, निम्मा दबाव तिथेच उतरतो.

'देवघेव विभागातून संदर्भ विभागात हलवू' ही पळवाटही कोणी सुचवेल. एकुलती दुर्मीळ प्रत असेल तर ठीक. तीन प्रती असताना तिन्ही संदर्भात हलवणं म्हणजे घरी नेऊन वाचणं बंद करणं, आणि आपल्याकडचा वाचक बसून वाचत नाही, घरी नेतो.

अनुदानाची भीती घालतील. अनुदान १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली आणि १९७० च्या नियमांप्रमाणे मिळतं. तपासणीत ग्रंथसंख्या, सभासद, खरेदी, वर्तमानपत्रं-नियतकालिकं, कामाचे तास, दप्तर हे पाहिलं जातं. अमुक पुस्तक ठेवलं म्हणून हप्ता अडवायचा असेल तर तसं पत्र जावक क्रमांकासह यावं लागेल. असं पत्र कोणी सहजासहजी काढत नाही. हप्ता अडतो तो हिशेबपत्रकं उशिरा गेली, लेखापरीक्षण राहिलं म्हणून. तुमचं दप्तर या वर्षी वेळेआधी पूर्ण ठेवा, म्हणजे दुसरं निमित्त कोणाला मिळणार नाही.

---

तारीखपट्टी

वाचकांची नावं मागितली, त्यावर कोणीच बोललं नाही. तुम्ही सांगितलेल्यातलं सगळ्यात वाईट तेच आहे.

देवघेव नोंदवही टेबलावर उघडी असते ना, ती आत घ्या. पुस्तकातली तारीखपट्टीही बघा: बऱ्याच ग्रंथालयांत परतीच्या तारखेशेजारी सभासद क्रमांक लिहायची पद्धत आहे. म्हणजे पुस्तक फडताळातून काढून कोणीही मोबाइलने फोटो घेतला की सगळे वाचक कळले, तुम्हाला विचारायचीही गरज नाही. आजपासून पट्टीवर फक्त तारखेचा शिक्का. जुन्या पट्ट्या उपटू नका, वर नवी चिकटवा.

माहिती अधिकारात अर्ज आला तर पुस्तकाची किंमत, खरेदीचं बिल, निवडीचा ठराव हे देता येईल. वाचकांची नावं ही वैयक्तिक माहिती, कलम ८ (१) (ञ). तोंडी मागणाऱ्याला काहीच द्यायचं नाही. पोलिसांना तपासासाठी हवी असतील तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली लेखी आदेश लागतो, आणि तो आला की मंडळाला आणि वकिलाला दाखवून मगच नेमक्या मागितलेल्या नोंदीची प्रत. अख्खी वही नाही.

---

मिशिगनकर

अमेरिकेतल्या सार्वजनिक ग्रंथालयांत यासाठी छापील फेरविचार अर्ज असतो, तो तुमच्याकडे जसाच्या तसा चालेल. त्यातले प्रश्न साधे: आपण या ग्रंथालयाचे सभासद आहात का? पुस्तक पूर्ण वाचलंत का? कोणत्या पानावरच्या कोणत्या मजकुरावर आक्षेप? काय व्हावं असं वाटतं? एका पुस्तकाला एक अर्ज, एका माणसाची सही. अर्ज निकाली निघेपर्यंत पुस्तक जागेवरच. सात नावांची यादी देणाऱ्याला सात अर्ज भरावे लागले की यादी बरीच आखडते.

पण अमेरिकेचं फार कौतुक करू नका. टेक्सासमधल्या लानो काउंटीने १७ पुस्तकं काढली, वाचक न्यायालयात गेले, २०२३ मध्ये जिल्हा न्यायालयाने ती परत ठेवायला सांगितली. मे २०२५ मध्ये पाचव्या परिमंडळाच्या अपील न्यायालयाने १० विरुद्ध ७ मतांनी ते उलटवलं: ग्रंथालयाने पुस्तक काढलं म्हणून वाचकाला घटनात्मक तक्रार करता येत नाही. उलट इलिनॉयने १ जानेवारी २०२४ पासून राज्याचं अनुदान हवं असेल तर 'दबावाखाली पुस्तकं काढणार नाही' असं धोरण ग्रंथालयाने लेखी स्वीकारलंच पाहिजे असा कायदा केला. तुमच्याकडे अनुदानाची भीती घालतात, तिथे अनुदान याच कामाला लावलंय.

तुमच्या मंडळाचं लेखी ग्रंथनिवड धोरण आहे का? नसेल तर हे प्रकरण मिटल्यावर करा. प्रकरण चालू असताना केलेलं धोरण या सात नावांसाठी केलं असं दिसतं.

---

दाखलक्रमांक

सगळ्यांचे आभार. आज फोटो काढले, पानं मोजली (इतिहासाच्या एका पुस्तकात ११३ ते १२० नाहीत, कधी गेली माहीत नाही). ठाण्यात अर्ज दिला, शिक्का घेतला. मंडळाची सभा शुक्रवारी. उत्तराचा मसुदा असा केलाय, बघता का:

'आपले दि. … चे निवेदन प्राप्त झाले. आपल्या भावनांची दखल घेण्यात आली असून याबाबत योग्य ती कार्यवाही करण्यात येईल. यादीतील अ. क्र. ३ व ६ ही पुस्तके ग्रंथालयात नाहीत. उर्वरित पुस्तकांबाबत राजपत्रातील अधिसूचना असल्यास तिचा क्रमांक व दिनांक कळवावा. आक्षेप असल्यास सोबतच्या नमुन्यात प्रत्येक पुस्तकासाठी स्वतंत्र अर्ज द्यावा. कार्यकारी मंडळ ३० दिवसांत त्यावर निर्णय घेईल. तोपर्यंत देवघेव नियमाप्रमाणे सुरू राहील.'

---

काळा_कोट

'योग्य ती कार्यवाही करण्यात येईल' काढा. सरकारी पत्रात त्याचा अर्थ काहीच नाही, पण बाहेर त्याचा अर्थ 'काढतो' असा होतो. 'भावनांची दखल' पण काढा, 'निवेदन मंडळासमोर ठेवण्यात येत आहे' लिहा.

कोणती पुस्तकं नाहीत हेही सांगू नका. अ. क्र. ३ व ६ नाहीत म्हटलं की उरलेली पाच आहेत हे तुम्हीच लिहून दिलंत. ग्रंथालयाची तालिका सभासदांना खुली आहे, त्यांनी बघावी.

शेवटच्या ओळीतलं 'तोपर्यंत' पण खटकतं, त्यानंतर बंद होणार असं वाटतं. 'देवघेव नियमाप्रमाणे सुरू आहे' एवढंच. नूरानींची प्रत थांबवलेली असली तरी हे वाक्य खोटं ठरत नाही, नियमाप्रमाणेच थांबवली आहे. सही ग्रंथपालाची नको, कार्यवाहांची घ्या.

---

जुना_तपासनीस

११३ ते १२० ची नोंद आजच्या तारखेने दुरुस्ती-बांधणी वहीत करा, 'पाने नाहीत, पाहणीत आढळले' असं. तेवढी पानं दुसऱ्या ग्रंथालयाच्या प्रतीवरून छायाप्रत काढून मिळतील, बाइंडरकडून त्याच जागी चिकटवून घ्या. आणि हे शुक्रवारच्या आधी करा, कारण शनिवारी कोणीतरी नेमकं तेच पुस्तक मागायला येईल.